१८ फुटी की २२ फुटी? घरच्यांसाठी पॉन्टून बोट निवडताना

अमेरिकेतल्या तळ्यांवर आजीआजोबा, पोरंबाळं सगळ्यांना घेऊन फिरायचं तर पॉन्टून बोट सर्वांत सोयीची. ॲल्युमिनियमच्या दोन लांब नळ्या, त्यांवर सपाट डेक, चारी बाजूंनी कठडा. धक्क्यावरून थेट पाऊल टाकून आत यायचं. लांबी ठरवताना मात्र बहुतेक जण आसनं मोजतात, आणि तिथेच फसतात.

आधी गाडी बघा. १८ फुटी बोट, ६० हॉर्सपॉवरचं इंजिन, भरलेली टाकी आणि ट्रेलर यांचं वजन मिळून साधारण ३,००० पौंड भरतं. २२ फुटीला तेच ४,००० च्या आसपास किंवा वर जातं. टोयोटा सिएनाची ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंड, म्हणजे २२ फुटीचा विषय संपला. होंडा सीआर-व्हीला तर १८ फुटीही झेपणार नाही. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० टक्के भार गाडीमागच्या ‘हिच’वर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडणीवर, यायला हवा. कमी पडला की हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. बोट मरीनातच, म्हणजे तळ्याकाठच्या बोटींच्या तळावर, ठेवणार असाल तर ही कटकट नाही, पण जागेचं भाडं बहुधा फुटांवर लागतं.

मग बोटीवरची क्षमतेची पाटी वाचा. तिच्यावर माणसांची संख्या आणि पौंडांतलं वजन, दोन्ही असतात. जे आधी भरेल ती मर्यादा. १८ फुटीवर साधारण ८-९ माणसं, २२ फुटीवर १०-१२. लहान मूलही माणूस म्हणूनच मोजायचं. बर्फाने भरलेला मोठा कूलर सहज ६० पौंडांचा होतो, शिवाय डबे, नांगर, दोर. पाटीवर ९ असेल तर आरामात ६ जण, असा आमचा हिशेब.

वजन कुठे बसतं, हेही तितकंच महत्त्वाचं. सगळी मंडळी फोटोसाठी पुढे गोळा झाली की नळ्यांची टोकं खाली जातात, समोरून दुसऱ्या बोटीची लाट आली की पाणी थेट डेकवर. १८ फुटीत चार मोठी माणसं पुढे सरकली तरी हे होतं. २२ फुटी लांबीमुळे जास्त सांभाळून घेते. डॅलसजवळच्या लुईसव्हिलसारख्या उघड्या, वाऱ्याच्या तळ्यावर हा फरक दुपारनंतर चांगलाच जाणवतो. छोट्या, आडोशाच्या तळ्यावर तो जवळजवळ नाहीच.

वाऱ्याची दुसरी बाजूही आहे. पॉन्टूनचा कठडा आणि छत शिडासारखे वारा धरतात. २२ फुटीची बाजू लांब, म्हणून धक्क्याला लावताना ती जास्त वाहवत जाते. शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर, चालण्याच्या वेगाने या. फेंडर, म्हणजे धक्का सोसणाऱ्या फुगीर गाद्या, बोटीच्या बाजूला आधीच बांधून ठेवा. हाताने बोट अडवायला कुणालाही उभं करू नका, बोटं चिरडतात.

मुलांना बोटीमागे हवा भरलेल्या ट्यूबवर ओढायचं असेल तर १८ फुटीला ६०, २२ फुटीला निदान ९०-११५ हॉर्सपॉवर हवं. स्वस्तातली २२ फुटी बऱ्याचदा कमी ताकदीच्या इंजिनामुळेच स्वस्त असते. दहा माणसं बसली की ती नुसती रांगते.

चौघांचं कुटुंब आणि अधूनमधून येणारे आईवडील, एवढ्यासाठी १८ पुरे. दर वेळी दोन कुटुंबं असतील तर २२, आणि तिसरी नळी असलेली मिळाली तर उत्तम.

जुनी घेताना ती रिकामी पाण्यावर तरंगू द्या आणि मागून बघा. एक बाजू खाली दिसली तर त्या नळीत पाणी शिरलेलं असू शकतं. चाचणीफेरीला विक्रेत्याबरोबर एकटे जाऊ नका. नेहमीची सगळी मंडळी, भरलेला कूलर आणि प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट घेऊन जा.