रेडिओ क्लायंट लिहिताय? या चुका टाळा

सॉकेट प्रोग्रामिंग (दोन प्रोग्राममध्ये नेटवर्कवरून बाइटची देवाणघेवाण) शिकायला इंटरनेट रेडिओचा क्लायंट, म्हणजे स्टेशनला जोडून गाणं वाजवणारा प्रोग्राम, चांगला, कारण चूक थेट कानाला कळते. लातूर-नांदेडच्या होस्टेलवर बसून शिकायला बाहेरच्या स्टेशनचीही गरज नाही. आपल्याच लॅपटॉपवर आइसकास्ट हा रेडिओ सर्व्हर चालवा (पोर्ट 8000), त्याला 128 केबीपीएसचा एमपी3 पुरवा आणि पायथनमधून जोडा.

पहिली चूक टीसीपीबद्दलच्या, म्हणजे नेटवर्कवर बाइट क्रमाने पोचवणाऱ्या पद्धतीबद्दलच्या, समजुतीची. 4096 बाइट मागितले की 4096 च मिळतील, असं धरून कोड लिहिला जातो. टीसीपी म्हणजे टँकरच्या खेपा नव्हेत, जायकवाडीचा कालवा आहे. एका वेळी 1448 येतील, कधी 300. हवे तेवढे बाइट जमेपर्यंत लूपमध्ये वाचणारं एक फंक्शन आधी लिहून ठेवा. शून्य बाइट आले, तर सर्व्हरने जोडणी बंद केली. तिथे लूप थांबवला नाही तर सीपीयू 100 टक्क्यांवर जातो.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी भानगड गाण्याच्या नावाची. विनंतीत 'आयसीवाय-मेटाडेटा' 1 केलं, की सर्व्हर हेडरमध्ये (उत्तराच्या सुरुवातीच्या माहितीच्या ओळींत) एक अंतर सांगतो, बहुधा 16000 बाइट. तेवढे ऑडिओ बाइट झाले की एक लांबीचा बाइट येतो. त्याला 16 ने गुणायचं. तितके बाइट नावाचे. नाव बदललं नसेल तर तो बाइट शून्य असतो. तो न काढता डीकोडरकडे (एमपी3 चा आवाज करणाऱ्या भागाकडे) सोडला, तर 128 केबीपीएसला सेकंदाला 16000 बाइट येत असल्याने बरोबर दर सेकंदाला 'टक्' होऊ शकतं. नावाच्या जागी कचरा दिसत असेल, तर मोजणी सरकली आहे. कारण बहुतेक वेळा एकच: हेडर संपवणाऱ्या कोऱ्या ओळीनंतर त्याच वाचनात आलेले बाइट फेकून दिलेले असतात. तो ऑडिओच असतो, मोजणीत धरा. मराठी नावांची लांबीही अक्षरांत नाही, बाइटमध्ये. यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइटचं. पूर्ण तुकडा हातात आल्यावरच डीकोड करा.

विनंती एचटीटीपी 1.0 ची ठेवा, म्हणजे चंक्ड एन्कोडिंगची (तुकड्यागणिक लांबी जोडून पाठवण्याची) कटकट नको. शाउटकास्ट या दुसऱ्या रेडिओ सॉफ्टवेअरचे जुने सर्व्हर मात्र उत्तराची सुरुवात 'आयसीवाय 200 ओके' अशी करतात आणि काही तयार लायब्ररी तिथेच अडखळतात.

आवाज तुटतोय? वाचणं आणि वाजवणं एकाच थ्रेडमध्ये (प्रोग्रामच्या एकाच धाग्यात) ठेवू नका. मध्ये रांग घाला आणि 5 सेकंदांचा साठा, म्हणजे 80,000 बाइट, जमल्यावरच वाजवायला घ्या. नळाला रोज पाणी नसलेल्या घरात टाकी का असते, हे इथे कुणाला सांगायला नको.

पुढे बाहेरचं स्टेशन जोडलंत, तर भारनियमनात राउटर बंद पडतो, लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालू राहतो. जोडणी तुटल्याचा निरोपच येत नाही, म्हणून क्लायंट कायमचा वाट पाहत बसतो. सॉकेटला 10 सेकंदांचा टाइमआउट लावा. मग 1, 2, 4 सेकंद असं थांबत, जास्तीत जास्त 30 सेकंदांनी पुन्हा जोडा. जोडणी नवी झाली की हेडर पुन्हा वाचा आणि मोजणी शून्यावर आणा. हे विसरलं की पुन्हा तोच कचरा.