ॲप टेस्टिंगला लॅब नको, फोनमधला रेकॉर्डर बास

ॲप टीमला सोपंच वाटतं, वापरताना अडतो तो सोलापूरच्या नवी पेठेतला चादरवाला, आणि विचारलं तर म्हणतो 'भारी आहे की!' म्हणून विचारण्यापेक्षा तो ॲप वापरताना स्क्रीन रेकॉर्ड करा.

ॲन्ड्रॉइड ११ पासून स्क्रीन रेकॉर्डर फोनमध्येच येतो, तो लावताना माइक आणि स्क्रीनवर टच दाखवायचा पर्याय दोन्ही ऑन करा, मग बोट कुठं कुठं भटकलं ते नंतर निवांत बघता येतं. 'कार्ट दाबा' असं सांगायचं नाही, 'पुण्याला १० डबल चादरी पाठवायच्यात' एवढंच काम द्यायचं आणि गप्प बसायचं. हे लय अवघड जातं राव, पण तुम्ही बटण दाखवलं की टेस्ट तिथंच संपली. असे ५ जण पुरतात, ॲप-वेबसाइट वापरायला किती सोपी हे तपासणाऱ्या जेकब नील्सन या तज्ज्ञानं २००० सालीच लिहून ठेवलंय.

फक्त रेकॉर्डिंगआधी परवानगी घ्या आणि नोटिफिकेशन बंद ठेवा, नाहीतर त्यांचा ओटीपी पण व्हिडिओत येतो.