एनआयसीयूत बाळाच्या डोक्याला वायरी लावल्यात? मग आधी हे वाचा

पुण्यात एनआयसीयूमधे, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, ईईजी (मेंदूच्या सिग्नलची नोंद) काढते मी, बरीच वर्षं झाली. बाळाला युरिया सायकलचा (शरीराला अमोनिया निपटता येत नाही तो आजार) नाहीतर एमएसयूडीचा (प्रोटीनमधलं ल्युसीन निपटता येत नाही तो आजार) डाऊट आहे असं डॉक्टर सांगतात आणि तेवढ्यात मी मशीन घेऊन पोचते, मग आईबाबा पहिलं हेच विचारतात की ताई करंट देणार का. नाही हो, करंट अजिबात देत नाही, मेंदूतून येणारे बारीक सिग्नल तेवढे टिपतो, बाळाला दुखत नाही.

हे का लावतात ते आधी समजून घ्या. पोटात असताना बाळाचा नको तो माल वारेतून आईकडे जातो आणि तिचं शरीर तो निपटतं, म्हणून यातली बरीच बाळं जन्मतात तेव्हा अगदी ठणठणीत असतात. दूध सुरू झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून अमोनिया किंवा ल्युसीन साठायला लागतं आणि बाळ दूध ओढेनासं होतं, मलूल पडतं, आणि घरचे कौतुकाने म्हणत असतात की किती शांत बाळ आहे. मेंदूत मात्र फिट चालू असू शकते आणि बाहेरून बोटसुद्धा हलत नाही. गार्डिनल हे फिटचं औषध दिल्यावर तर हे जास्तच होतं, हातपाय थांबतात पण स्क्रीनवर फिट चालूच. उलटंही होतं, एमएसयूडीत बाळ सायकल मारल्यासारखे पाय हलवतं, सगळे फिट फिट म्हणून धावतात आणि ईईजीत फिट नसते.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगते. पहिलं म्हणजे डोक्याला तेल नको. आजी प्रेमाने टाळू भरते, तीट लावते, कळतं मला, पण तेलकट कातडीवर इलेक्ट्रोड, म्हणजे वायरीचं टोक, धरत नाही, मग मला एवढ्याशा डोक्यावर पुन्हा पुन्हा पुसून घासावं लागतं आणि त्यात अर्धा तास जातो. एकदा अशाच एका बाळाच्या कपाळावरची तीट पुसताना त्याची आजी रडायला लागली, तेव्हापासून मी आधी तीट तळपायाला लावायला सांगते आणि मग काम सुरू करते.

दुसरं, थोपटू नका. खरंच. तुम्ही लयीत थोपटलंत की स्क्रीनवर अगदी फिटसारखी लाट उमटते. थोपटायचंच असेल तर सिस्टरला सांगा, ती वेळ टाकून ठेवेल. उचकी, दूध भरवणं, डायपर बदलणं, सक्शन (नळीने कफ ओढणं) सगळ्याची वेळ नोंदवायला हवी. एक छोटी वही ठेवा, घड्याळ मॉनिटरचंच बघा, मोबाईलचं नको, दोन्हीत पाच मिनिटांचा फरक असला तरी आमची पंचाईत होते. उचक्या थांबतच नसतील तर मुद्दाम सांगा, नॉन-किटोटिक हायपरग्लायसिनेमिया नावाच्या आजारात तसं होतं आणि त्यात रेघ काही सेकंद सपाट, मग एकदम उसळी, परत सपाट अशी दिसते.

बेडजवळ जो छोटा मॉनिटर रात्रंदिवस चालू असतो तो एईईजी, ईईजीचंच छोटं रूप. त्यात एक तास साधारण ६ सेंटीमीटरमधे दाबून बसवलेला असतो, म्हणून रेघेऐवजी पट्टा दिसतो. पूर्ण दिवसांच्या बाळात पट्ट्याची खालची कड ५ मायक्रोव्होल्टच्या वर आणि वरची १० च्या वर असली की साधारण ठीक, आणि पट्टा मधेच जाड मधेच बारीक होत असेल तर झोप-जाग चालू आहे, ते चांगलं लक्षण. खालची कड अचानक वर उडी मारत असेल, करवतीच्या दात्यांसारखी, तर लगेच सिस्टरला हाक मारा. पण छोटी फिट यात निसटते, म्हणून मोठा व्हिडिओ ईईजीही काढायला सांगतात, त्याला नाही म्हणू नका.

अमोनियाचं सॅम्पल बाहेरच्या लॅबला न्यायची वेळ आली तर बर्फात ठेवून, टू व्हीलरवर, थेट. लक्ष्मी रोडच्या गर्दीत तासभर अडकलात तर आकडा खोटाच वाढून येतो. रिपोर्टवर युनिट बघा, ही चूक फार होते, आजारी नवजात बाळात लिटरला १५० मायक्रोमोलच्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात पण काही लॅब डेसिलीटरला मायक्रोग्रॅममधे देतात आणि तिथे तेच साधारण २५५ दिसतं. ५०० मायक्रोमोलच्या वर असेल तर डायलिसिसची तयारी सुरू होते. प्रत्येक आकडा वहीत वेळेसकट लिहा, अमोनिया उतरायला लागल्यावर पट्टा कधी सुधारला हे मग शेजारी शेजारी दिसतं.

औषधांनी फिट थांबत नसेल तर बी-सिक्स, म्हणजे पायरिडॉक्सिन, शिरेतून देऊन बघतात, तेव्हा ईईजी चालू ठेवावा लागतो आणि श्वास थांबू शकतो म्हणून व्हेंटिलेटरची तयारी जवळ असते, ते बघून घाबरू नका.

दूध एक-दोन दिवस बंद केलं तर आईने पंप करणं थांबवू नये, बऱ्याच बाळांना नंतर मोजून आईचंच दूध सुरू करतात. आणि आधीचं बाळ असंच गेलं असेल किंवा नवराबायको नात्यातले असतील, मामाची मुलगी वगैरे, तर लाजू नका, पहिल्या दिवशीच सांगा, त्यावर तपासण्या ठरतात.

दुसऱ्या हॉस्पिटलला हलवत असाल तर नुसता रिपोर्टचा कागद घेऊ नका, मूळ रेकॉर्डिंग पेनड्राईव्हवर मागा. नवीन ठिकाणचे डॉक्टर आधी तेच विचारतात.