‘टॉमी ट्रिकर’ पाहून झाल्यावर: मुलांना तिकीटसंग्रह कसा सुरू करून द्यावा

आकाराने लहान व्हायचं, पोस्टाच्या तिकिटात शिरायचं आणि ते चिकटवलेलं पाकीट जिथे जाईल तिथे जाऊन उतरायचं. ‘टॉमी ट्रिकर अँड द स्टॅम्प ट्रॅव्हलर’ या 1988च्या कॅनेडियन चित्रपटातली जादू ती एवढीच. मायकेल रुब्बो यांनी तो लिहिला आणि दिग्दर्शित केला. निर्माते रॉक डेमर्स यांच्या ‘टेल्स फॉर ऑल’ या बालचित्रपटमालेतला हा एक. ज्या मुलांनी हाताने पत्र कधी लिहिलंच नाही, त्यांना तिकीट म्हणजे काय हे समजावण्याचा याहून सोपा मार्ग मला तरी माहीत नाही. मात्र चित्रपट संपल्यावर लगेच अल्बम विकत आणू नका. आधी पुढची कामं उरका.

1. चित्रपट एका बैठकीत पाहा, पण एका जागी थांबा

चित्रपटातला राल्फ हा मुलगा बोलताना अडखळतो, पण तिकिटांच्या जगात रमतो. टॉमी चलाख आहे आणि लबाडही. राल्फच्या वडिलांच्या संग्रहातलं मौल्यवान ‘ब्लूनोज’ तिकीट तो अदलाबदलीच्या नावाखाली लांबवतो. चित्रपट थांबवायचा तो इथे. मुलांना विचारा: राल्फने तिकीट देण्यापूर्वी काय करायला हवं होतं? उत्तरं कागदावर लिहून ठेवा, पाचव्या पायरीला लागतील. पुढे एका जुन्या अल्बममधून चार्ल्स मेरीवेदर नावाच्या मुलाचं पत्र सापडतं आणि कथा चीन, ऑस्ट्रेलिया अशी वळणं घेते. शेवट इथे सांगत नाही. आजच्या मुलांना सुरुवात संथ वाटेल. वाटू द्या.

2. ब्लूनोज नीट बघायला शिकवा

हे तिकीट काल्पनिक नाही. कॅनडाने ते जानेवारी 1929 मध्ये काढलं. किंमत 50 सेंट, रंग निळा. त्यावरची ‘ब्लूनोज’ नावाची शिडाची नौका 1921 मध्ये नोव्हा स्कॉशियातल्या लुनेनबर्गला पाण्यात उतरली. ती मासेमारीही करायची आणि शर्यतीही जिंकायची. 1946 मध्ये हैतीजवळ ती बुडाली. कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर 1937 पासून नौका आहे, तीही याच ब्लूनोजच्या रूपाची.

तिकिटाचं मोठं छायाचित्र समोर ठेवा आणि मुलाच्या हातात भिंग द्या. शिडं मोजायला सांगा, लाटांच्या बारीक रेघा दाखवा. हे तिकीट कोरीव पत्र्यावरून छापलेलं आहे, म्हणजे हे सगळं चित्र कुणीतरी उलटं कोरलं होतं. एवढं कळलं की पुढचं प्रत्येक तिकीट मूल वेगळ्या नजरेने बघतं.

3. तिकिटं जमवा आणि पाण्यात सोडवा

सुरुवातीला पैसे खर्च करू नका. नातेवाईक, कार्यालयं, जुने ट्रंक यांतून आलेली पाकिटं पुरतात. शिक्का सुबक असेल, पाकीट जुनं असेल, तर ते अख्खंच ठेवा. ते कुठून निघालं, कधी निघालं ही हकिकत पाकिटावरच असते. कापून काढलेल्या तिकिटात ती उरत नाही.

बाकीच्या पाकिटांवरची तिकिटं चारही बाजूंनी बोटभर कागद ठेवून कापा. लाल, जांभळ्या किंवा गडद रंगाच्या कागदावरची वेगळी काढा, कारण त्यांचा रंग सुटतो आणि शेजारच्या तिकिटांनाही लागतो. पसरट भांड्यात कोमट पाणी घ्या, त्यावर तिकिटं चित्र वर ठेवून सोडा आणि वाट पाहा. पंधरा-वीस मिनिटांत बहुतेक तिकिटं आपसूक घसरून कागदापासून सुटतात. ओढायचं नाही, नखाने तर मुळीच नाही. मागचा उरलेला डिंक बोटाने हलकेच पुसा, स्वच्छ पाण्यात एकदा बुडवा, टीपकागदावर पालथी घालून वाळवा आणि मग जाड पुस्तकात दाबा.

अलीकडची बरीच तिकिटं स्टिकरसारखी असतात आणि ती पाण्याने सुटत नाहीत. अशांना कागदासकटच व्यवस्थित कापून ठेवायचं. आणि न वापरलेलं, मागे डिंक शाबूत असलेलं तिकीट कधीच पाण्याजवळ नेऊ नका.

वाळलेली तिकिटं चिमट्याने उचलायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. चिमटा मात्र तिकिटांचा असतो तो, चपट्या टोकांचा. भुवयांचा नको, त्याच्या कडांनी कागद फाटतो. ठेवण्यासाठी पारदर्शक पट्ट्यांचं स्टॉकबुक घ्या. छापील चौकटींच्या अल्बममध्ये मूल रिकाम्या जागा भरण्याच्या मागे लागतं, बघणं राहून जातं.

4. देश ओळखा

ढीग वाटण्याचं काम मुलांना सर्वांत आवडतं. ‘हेल्वेशिया’ लिहिलंय ते स्वित्झर्लंड, ‘सुओमी’ म्हणजे फिनलंड, ‘माग्यार’ म्हणजे हंगेरी, ‘स्वेरिगे’ म्हणजे स्वीडन. कुठलंच नाव नाही आणि कोपऱ्यात राजाराणीचं डोकं आहे, तर ते ब्रिटन. 1840 मध्ये पहिलं तिकीट त्यांनीच काढलं, तेव्हा तिकिटं काढणारा दुसरा देशच नव्हता ज्याच्याशी गोंधळ व्हावा. ती सवलत अजून चालू आहे.

चित्रपटातल्या देशांची तिकिटं मिळाली तर उत्तम. चीनची 1949 नंतरची पण 1992 पूर्वीची असतील तर रोमन अक्षरांत देशाचं नाव सापडणार नाही, फक्त चिनी लिपी. कॅनडाच्या तिकिटांवर इंग्रजी आणि फ्रेंच शेजारी-शेजारी दिसतात. ऑस्ट्रेलियाचं देश म्हणून पहिलं तिकीट 1913चं, नकाशात कांगारू असलेलं. त्याआधी तिथल्या प्रत्येक वसाहतीची तिकिटं निराळी होती.

यानंतर मुलाला एक विषय निवडू द्या: नौका, प्राणी, पूल, काहीही. ‘सगळ्या जगाची तिकिटं’ हा विषय नाही, तो पसारा आहे.

5. अदलाबदलीचे नियम भिंतीवर लावा

पहिल्या पायरीला लिहिलेला कागद आता काढा. त्यात कदाचित नसतील असे हे तीन नियम जोडा:

- दुसऱ्याच्या संग्रहातलं, विशेषतः घरातल्या मोठ्यांचं तिकीट बदलायचं नाही.
- आज ठरलेला सौदा उद्या करायचा. घाई करणारा ‘टॉमी’ असण्याची शक्यता दाट.
- तिकीट उलटं करून मागून बघायचं. कडेचे तुटलेले दाते, पातळ झालेला कागद, दुमडलेली रेघ मागून लगेच दिसते आणि त्यावर किंमत कोसळते.

कॅटलॉगमधल्या, म्हणजे तिकिटांच्या छापील सूचीतल्या, किमतीबद्दलही मुलांना वेळीच सांगा. ती निर्दोष प्रतीची आणि साधारण दुकानदाराच्या विक्रीची असते. साध्या तिकिटाला विकताना त्याच्या जवळपासही काही मिळत नाही. शंभर रंगीबेरंगी तिकिटं म्हणजे खजिना, असं मानून बसलेलं मूल नंतर फार हिरमुसतं.

6. स्वतःचा ‘प्रवासी’ पाठवा

आता खरा खेळ. मुलाने नखाएवढ्या कागदावर स्वतःचं चित्र काढायचं आणि ते पोस्टकार्डाच्या मजकुराच्या बाजूला चिकटवायचं. खऱ्या तिकिटावर मात्र चितारायचं नाही, त्यावर खाडाखोड असेल तर टपाल अडू शकतं. पत्ता मुलाच्याच अक्षरात हवा. चित्रपटाच्या तर्काने पत्ता चुकला तर प्रवासी भलत्याच ठिकाणी उतरतो. 1994च्या दुसऱ्या भागात तर एक मुलगा वर्षानुवर्षं तिकिटातच अडकून पडलेला दाखवलाय! हे सांगितलं की अक्षर आपोआप सुवाच्य होतं.

कार्ड पेटीत न टाकता टपालकचेरीच्या खिडकीवर द्या आणि हाताने शिक्का मारून मिळेल का विचारा. यंत्राचा शिक्का बऱ्याचदा फिका किंवा फरपटलेला उमटतो. ज्यांना पाठवलं त्यांना आधीच सांगून ठेवा की कार्ड मिळाल्याची तारीख लिहून, नवं तिकीट लावून तेच चित्र दुसऱ्या कार्डावर परत पाठवायचं. वहीत दोन तारखा, दोन शिक्के, मधलं अंतर यांची नोंद करा आणि नकाशावर रेघ ओढा. कार्ड हरवलंच, तर प्रवासी कुठे अडकला असेल याची गोष्ट मुलाकडून लिहून घ्या आणि दुसरं कार्ड पाठवा.