निब बदलता येणारी जुनी पेने : या चुका टाळा

सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे फाउंटन पेन हाती आले की नवशिके त्याचे सर्वाधिक नुकसान पहिल्या तासाभरातच करतात. इतकी वर्षे खणात पडून जे बिघडले नाही, ते गरम पाणी, पक्कड आणि ‘जरा दाबून तर पाहू’ या तीन गोष्टींनी बिघडते. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या पेनांत काळाने मोडलेली थोडी असतात आणि हौसेने मोडलेली फार. त्याच त्या गोष्टी प्रत्येकाला नव्याने समजावून सांगण्याचा आता कंटाळा आला आहे, म्हणून त्या एकदाच लिहून ठेवतो.

निब जोर लावून फिरवणे

एस्टरब्रुक या अमेरिकन कंपनीच्या पेनांत निब, तिच्याखालची जीभ म्हणजे फीड, आणि त्या दोघांना धरून ठेवणारी आट्यांची छोटी नळी असा एक संच असतो, आणि तो सबंध संच बोटांनी फिरवून काढता येतो. १९५० मध्ये आलेल्या पेलिकन ४०० या जर्मन पेनामध्येही संच असाच आट्यांवर बसतो. ‘बोटांनी निघतो’ एवढेच लोक लक्षात ठेवतात. मधल्या काळात आत सुकलेल्या शाईने ते आटे जखडून टाकलेले असतात, हे मात्र सोयीने विसरतात. माझी पद्धत अगदी कंटाळवाणी आहे. पेनाचा फक्त निबेकडचा भाग बुडेल इतक्या साध्या, थंड पाण्यात ते उभे ठेवायचे, सकाळी पाणी रंगलेले दिसले की बदलायचे, आणि पाणी स्वच्छ राहू लागेपर्यंत निबेला हात लावायचा नाही. त्यानंतर रबराचा पातळ तुकडा मध्ये घेऊन निब आणि फीड दोन्ही एकत्र चिमटीत धरायचे, निबेचे टोक आपल्याकडे ठेवायचे आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवायचे. फक्त निब धरली तर ती फीडवरून सरकते आणि फीडच्या नाजूक दातऱ्या तुटतात. फिरत नसेल तर जोर वाढवायचा नसतो, भिजवण्याचा वेळ वाढवायचा असतो.

परंतु माझ्या अनुभवात संच काढताना जितके मोडतात, त्यापेक्षा अधिक परत बसवताना मोडतात. ओळखीतल्या एका तरुणाला ९१२८ क्रमांकाची लवचीक, म्हणजे दाबली की पाती विलग होऊन रेघ जाड करणारी, निब मिळाली. त्याने आपल्या एस्टरब्रुकची जुनी निब रीतसर भिजवून काढली, नवी बसवली, आणि ती पूर्ण बसल्यावर पाहिले तर निबेचे तोंड दांड्यावरच्या, शाई भरण्याच्या खटक्याच्या रेषेत नव्हते, थोडे बाजूला होते. त्याअर्थी ती अजून पुरती बसलेली नाही, असा निष्कर्ष काढून त्याने कपडा गुंडाळून पक्कड लावली. पाव वळसा फिरला आणि आट्यांची नळी तडकली; निब आणि फीड त्याच्या हातात आले आणि आट्यांचे कडे आतच राहिले. येथे थांबला असता तरी काही बिघडले नव्हते, कारण असे कडे भिजवून, आत किंचित चौकोनी तासलेली लाकडी काडी घट्ट रोवून, उलटे फिरवले की सहसा निघते. त्याने मात्र शाई गळू नये म्हणून फटीत सुपरग्लू सोडला. माझ्याकडे पेन आले तेव्हा कडे आणि सेक्शन, म्हणजे बोटांनी धरण्याचा भाग, यांचा एकच दगड झाला होता. भंगारातल्या एका पेनाचे सेक्शन लावले, झिजून निकामी झालेल्या १५५१ निबेची नळी आणि फीड काढून त्यात त्याची ९१२८ बसवली, आणि पेन पुन्हा लिहू लागले. लिहून पाहण्याआधीच त्याने विचारले, “काका, पण आता निब खटक्याच्या रेषेत आहे ना?”

निब खटक्याच्या किंवा क्लिपच्या रेषेत असण्याचा लिहिण्याशी काडीचाही संबंध नाही. संच बोटांनी फिरवता फिरवता थांबला की थांबायचे; त्याहून सैल ठेवला तर आट्यांतून हवा शिरते आणि पेन गळते, त्याहून घट्ट केला तर वर सांगितलेली कथा घडते. ती रेष कोणाला फारच खुपत असेल तर एस्टरब्रुकच्या ‘जे’ मालिकेतील पेनांत सेक्शन दांड्यात केवळ घट्टपणाने बसलेले असते, त्यामुळे किंचित ऊब देऊन निबेऐवजी सबंध सेक्शनच हवे तसे वळवता येते.

क्रमांक न वाचता निब घेणे

एस्टरब्रुकच्या निबेवर चार आकडे कोरलेले असतात आणि ते शोभेसाठी नसतात. ९ ने सुरू होणाऱ्या निबांच्या टोकावर कठीण मिश्रधातूचा दाणा असतो. १ आणि २ ने सुरू होणाऱ्या निबांत निबेचे पोलादच टोकाशी दुमडून गोल केलेले असते. हे दुमडलेले टोक लवकर झिजते आणि पहिल्या मालकाच्या हाताच्या कोनात झिजते. म्हणून अतिशय स्वच्छ दिसणारी २६६८ ही मध्यम जाडीची निबसुद्धा आपल्या हातात कागद ओरबाडू शकते, कारण तिच्या टोकाला दुसऱ्याच्या कोनाची सपाटी आलेली असते. घेण्यापूर्वी दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून टोक बाजूने पाहावे. सपाटी दिसली तर एकतर ती निब सोडून द्यावी, किंवा पेन बोटांत थोडे फिरवून तिचा कोन सापडतो का ते पाहावे. बारीक आकड्यांच्या नोंदींसाठी ९५५० सारखी कडक निब उत्तम, पण तीच घेऊन पत्रे लिहायला बसणारे आणि मग जुनी पेने टोचतात अशी तक्रार करणारे लोक मी पाहिले आहेत. ऑस्मिरॉइड या इंग्रजी पेनांचे निब-संचही एस्टरब्रुकच्या आट्यांत बसतात, हे ठाऊक असले तर सुलेखनाच्या रुंद निबांसाठी वणवण करावी लागत नाही.

प्रत्येक सोनेरी निबेतून लवचीकपणा काढू पाहणे

जुनी निब म्हणजे सोन्याची, आणि सोन्याची म्हणजे लवचीक, असे समीकरण कोणी पसरवले कोण जाणे, पण त्याने चांगल्या निबांचा जितका संहार केला आहे तितका गंजाने केला नसेल. शेफरच्या लाइफटाइम निबा सोन्याच्या असूनही मुद्दाम कडक बनवलेल्या असत, कारण कार्बन कागदाखालच्या प्रतीही उमटाव्यात म्हणून लोक त्या दाबून लिहीत. १९४१ मध्ये आलेल्या पार्कर ५१ ची नळीसारखी निब आवरणाखाली झाकलेली असते. तिला वाकायला जागाच नाही. उलट वर उल्लेख केलेली ९१२८ साध्या पोलादाची असून चांगली वाकते. तेव्हा धातूवरून काही ठरत नाही, निबेच्या घडणीवरून ठरते.

तपासणी करायची तर निबेचे टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून अलगद भार द्यावा आणि चिरेच्या दोन बाजूंची पाती किती कमी भारात विलग होतात ते भिंगातून पाहावे. भार वाढवूनही ती हलत नसतील तर ती निब कडक आहे आणि तिने आपले काम इतकी वर्षे त्याच कडकपणाने केले आहे. लवचीक निबेलाही भार फक्त खाली येणाऱ्या रेघेत द्यायचा. वर जाताना किंवा आडवे जाताना दिला की पाती एकमेकांवरून घसरतात. रेघेच्या दोन कडा उमटून मधला भाग कोरडा राहू लागला, तर फीड शाई पुरवण्यात मागे पडले आहे असे समजावे आणि हात हळू करावा, दाब वाढवू नये. सतत ताणलेल्या निबेची पाती एके दिवशी परत मिटत नाहीत, आणि चिरेच्या वरच्या टोकाशी असलेल्या छिद्राच्या बाजूला केसासारखी भेग पडली असेल तर ती निब पुन्हा ताणायच्या लायकीची राहत नाही. चलच्चित्रात कोणीतरी काढलेल्या बोटभर जाड रेघा पाहून पहिल्याच दिवशी तशी रेघ काढू पाहणाऱ्यांनी टाकाची साधी निब घ्यावी. ती मोडली तर दुसरी मिळते.

ओरबाडणारी निब लगेच घासायला घेणे

निब टोचते म्हटले की हात घासकागदाकडे जातो. माझ्याकडे आलेल्या टोचऱ्या निबांपैकी बहुतेकींना घासण्याची गरजच नव्हती; त्यांचे एक पाते दुसऱ्यापेक्षा किंचित वर उचललेले होते. टोक समोरून भिंगात पाहिले की हे स्पष्ट दिसते. वरचे पाते नखाने अलगद खाली दाबायचे, पुन्हा पाहायचे, पुन्हा दाबायचे. एका दिशेला रेघ काढताना टोचते आणि उलट दिशेला टोचत नाही, ही त्याची खूण आहे. तसे न करता घासत बसले की दाणा झिजतो, आणि फार घासले की चिरेच्या दोन्ही कडा आत वळतात. मग निब लोण्यासारखी सरकते पण प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर कोरडे राहते, कारण शाई चिरेच्या तोंडाशी असूनही कागदाला टेकत नाही. हा दोष मूळच्या टोचण्यापेक्षा वाईट आहे आणि तो काढण्यासाठी आणखी दाणा खर्चावा लागतो.

अधूनमधून शाईचा थेंब पडणे

दांड्यातल्या रबरी पिशवीत शाई साठवणाऱ्या जुन्या पेनात शाई संपत आली की आत हवा जास्त आणि शाई कमी होते. हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. हा पेनाचा दोष नव्हे. तृतीयांश शाई उरली की पुन्हा भरावी. भरलेले पेनही गळत असेल तर संच सैल आहे किंवा पिशवी फाटली आहे, आणि त्या दोन्ही शक्यता तपासल्याशिवाय निब बदलत बसू नये.

उरलेल्या चुका

इंडिया इंक फाउंटन पेनात कधीही भरू नये. तिच्यातील काजळी आणि लाख फीडच्या बारीक वाटा कायमच्या बंद करतात.

काळी एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, पेने सबंध पाण्यात बुडवू नयेत. ओलावा आणि उजेड यांनी त्यांचा काळा रंग तपकिरी पडतो, आणि पॉलिशने झाकलेला तो रंग पुन्हा वर येतो.

अल्कोहोल आणि नेलपॉलिश काढण्याचे द्रव्य सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकपासून दूर ठेवावे.

सेल्युलॉइड ज्वाळेजवळ नेणे म्हणजे आग लावणेच आहे, कारण तो नायट्रोसेल्युलोजचा पदार्थ आहे. सेक्शन सोडवण्यासाठी केस वाळवण्याच्या यंत्राची ऊब पुरते, आणि ती बोटाला सहन होईल इतकीच असावी.

हिरव्या किंवा फिकट सेल्युलॉइडची पेने हवाबंद डबीत ठेवू नयेत. रबरी पिशवीतून निघणाऱ्या वायूंनी दांडा आतून काळवंडतो आणि तो डाग कशानेही जात नाही; मी अशी पेने टोपण काढून, मोकळ्या खणात आडवी ठेवतो.

नवी पिशवी सेक्शनवर बसवताना शेलॅक, म्हणजे लाखेचा चिकट द्राव, वापरावे, सुपरग्लू नव्हे. शेलॅक ऊब देताच सुटते, त्यामुळे पुढच्या वेळी पेन उघडणाऱ्याला ते फोडावे लागत नाही. पिशवीला बाहेरून शुद्ध टाल्क चोळावे, सुगंधी पावडर नको, आणि शेलॅक रात्रभर वाळल्याखेरीज शाई भरू नये.