उष्ण कटिबंधातील बेटावरची छायाचित्रण सहल: निघण्यापूर्वीची तयारी

सहलीच्या तारखा ठरवताना पाऊस आणि वादळांचा हंगाम बहुतेक जण पाहतात. त्याबरोबरच त्या किनाऱ्याचे भरती-ओहोटीचे कोष्टक आणि चंद्राच्या कलाही पाहाव्यात. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे पहिल्या दिवशी सूर्योदयाला उघडे पडलेले खडक आठवड्याभराने त्याच वेळी पाण्याखाली गेलेले असू शकतात. आकाशगंगा टिपायची असेल तर अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडावेत, मात्र त्याच दिवसांत समुद्राला उधाण असते, हे ध्यानात ठेवावे.

पैसे भरण्यापूर्वी आयोजकांकडून कार्यक्रम लेखी मागवावा आणि एका मार्गदर्शकामागे किती जण असतील, होडीतून छायाचित्रणाचे सत्र आहे का, चालणे किती आहे, हे विचारून घ्यावे. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि संधिप्रकाश लवकर संपतो, म्हणून पहाटे अंधारातच ठरलेल्या जागी पोहोचणे आवश्यक असते. रोज न्याहारी आटोपून निघणारी सहल छायाचित्रकारांसाठी आखलेली नाही, असे खुशाल समजावे.

लेन्सच्या बाबतीत हात आखडता घेतलेलाच बरा. एक वाइड (विस्तृत दृश्य मावणारी) आणि एक मध्यम टेलिफोटो (दूरचे जवळ आणणारी) एवढ्यावर बहुतेक कामे भागतात, आणि खाऱ्या वाऱ्यात किनाऱ्यावर उभे राहून लेन्स बदलण्याची वेळ कमी येते. पाण्यावरची चकाकी कमी करण्यासाठी पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायचा फिल्टर, अवश्य घ्यावा. अतिशय वाइड लेन्सवर मात्र त्याने निळे आकाश एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकट दिसू लागते.

खरी काळजी घ्यायची ती दमटपणाची. वातानुकूलित खोलीतला गार कॅमेरा एकदम बाहेर काढला की हवेतली वाफ भिंगावर आणि आतल्या भागांवरही साचते, आणि कापडाने पुसली तरी पुन्हा धुके धरते. त्यासाठी खोलीतच कॅमेरा हवाबंद पिशवीत घालावा आणि बाहेर नेल्यावर तो बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण तास, पिशवी उघडू नये. पहाटेच्या सत्राची वेळ धरताना हा अवधी हिशेबात घ्यावा. दमट जागी बंद पडून राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी वाढते आणि ती भिंगावरचा लेप कायमचा खराब करू शकते, म्हणून रात्री साहित्य सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. ओलावा शोषल्यावर रंग बदलणारे जेल मिळाले तर उत्तम, कारण ते केव्हा निकामी झाले हे पाहताक्षणी कळते.

भिंगावर तुषार वाळले असतील तर कोरडे कापड फिरवू नये, मिठाच्या कणांनी चरे पडतात; आधी फुंकणीने हवा मारावी आणि मग गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ कापडाने हलकेच टिपावे. ट्रायपॉड लाटांत उभा करायचा असल्यास पायांचा सर्वांत खालचा भाग पूर्ण बाहेर काढावा, म्हणजे सांध्यांची कुलुपे पाण्याच्या आणि वाळूच्या वर राहतात. परतल्यावर पाय गोड्या पाण्याने धुऊन, वाळवूनच मिटावेत. डासांसाठी डीट (डास पळवणारे रसायन) असलेले मलम लावले तर कॅमेरा हाताळण्यापूर्वी तळहात धुवावेत, कारण डीटमुळे काही प्रकारचे प्लास्टिक विरघळते.

सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. बॅटऱ्यांची टोके चिकटपट्टीने झाकावीत आणि क्षमता १०० वॅट-तासांपेक्षा जास्त असेल तर विमान कंपनीची परवानगी आधीच घ्यावी. ड्रोनचे नियम देशागणिक वेगळे असतात. काही ठिकाणी तो आयात करण्यावरच बंदी असल्याने, लेखी परवानगी हाती नसेल तर तो घरीच ठेवावा. मेमरी कार्डे पुरेशी घ्यावीत आणि रोजची छायाचित्रे दोन स्वतंत्र ठिकाणी उतरवून त्यांतली एक प्रत दुसऱ्या बॅगेत ठेवावी.

निघण्यापूर्वी सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला प्रतिमा टिपणारा भाग, स्वच्छ करून घ्यावा, कारण निरभ्र आकाशाच्या छायाचित्रात धुळीचा एकेक ठिपका उठून दिसतो. सोबत दोन कॅमेरे असतील तर दोन्हींची घड्याळे बेटावर उतरताच स्थानिक वेळेला लावावीत, नाहीतर पुढे छायाचित्रे वेळेनुसार लावताना सगळा क्रम विस्कटतो.