गणपतीच्या भिंतीवर स्टेन्सिल काढायच्या आधी

श्रावण लागला की सिंधुदुर्गात गणपतीची भिंत रंगवायचे वेध लागतात. यंदा स्टेन्सिलने, म्हणजे नक्षी कापलेल्या शीटवरून रंग मारून, नक्षी काढायची असेल, तर रंगाचा डबा उघडायच्या आधी एवढं उरकून घ्या.

भिंतीवरून हात फिरवा. जांभ्याच्या भिंतीत पावसाची ओल मुरते, पांढरे क्षार वर येतात. त्यांच्यावर मास्किंग टेप टिकत नाही, आणि जुन्या चुन्यावर चिकटलीच तर पोपडा घेऊन निघते. खरवडून, पुसून, वाळल्यावर प्रायमर द्या. ओल हटतच नसेल तर पुढ्यात प्लाय उभा करा; गणपतीची जागा काही हलवता येत नाही.

मग ओळंबा. जुन्या घराचे कोपरे काटकोनात असतील या भरवशावर राहू नका. माटवीच्या (गणपतीच्या वर टांगतात त्या लाकडी चौकटीच्या) मध्यावरून ओळंबा सोडा; भिंतीचा मध्य थोडा इकडेतिकडे असला तरी चालेल, कारण सगळ्यांची नजर माटवीखालीच जाते. आडवी रेघ गवंड्याच्या पाण्याच्या नळीने काढा. भिंतीवर रेघ उमटवायच्या दोरीला पांढरा खडू लावा. नीळ किंवा काव नको, फिकट डिस्टेंपरमधून डाग वर येतो.

आता खरं काम, म्हणजे हिशोब. शीटची रुंदी मोजू नका; एका फुलाच्या मध्यापासून पुढच्या फुलाच्या मध्यापर्यंत मोजा. समजा ते 32 सेंमी आणि भिंत 420. तेरा फुलांना 416 लागतात, चार उरतात. ते टोकाला न ठेवता प्रत्येक फुलामागे तीन मिमी वाटून टाका, कोणाच्या लक्षातही येणार नाही. सगळ्या खुणा आधीच पेन्सिलीने करून ठेवा. मागच्या ठशाला टेकवून पुढचा ठसा मारत गेलात आणि दर वेळी दोनच मिमी सरकलं, तरी बाराव्या सरकवणीला जवळजवळ अडीच सेंमीचा फरक पडतो.

शीटच्या चारही कडांच्या मध्यावर खाचा पाडा, म्हणजे त्या रेघांवर बसवता येतील. शक्य असेल तर दोन शीट कापा. दमट हवेत रंग लवकर वाळत नाही, म्हणून एकाआड एक ठसे मारा आणि एक शीट धुतली जात असताना दुसरी वापरा. ब्रश आधी रद्दीवर टिपून जवळजवळ कोरडा करा. कोपरा आणि स्विचबोर्डाची जागा शेवटी. तिथे शीट वाकवावी लागते, त्यासाठी एक जुनी, कापली तरी चालेल अशी प्रत बाजूला ठेवा.